पोफळींच्या मधली जागा

श्रीवर्धनच्या आमच्या वाडीत विहिरीच्या कठड्यावर बसलं की आता थेट आभाळ दिसतं. पूर्वी दिसत नसे. ३ जून २०२०च्या दुपारी निसर्ग वादळ आलं आणि आजोबांच्या हातच्या पोफळी काडीसारख्या मोडून पडल्या. रोठा सुपारीची ती वाडी. भर दुपारीही अंगणात गार काळोख असायचा. त्या उघड्या पडलेल्या उजेडात कितीतरी दिवस मला बसवत नव्हतं.

तेव्हा घरात ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक हाताशी आलं. चित्रकार प्रभाकर बरवे यांचं.

ते आपल्याच किनाऱ्याचे. जन्म १९३६चा, अलिबागजवळच्या नागावातला. म्हणजे पोफळी, पाट, विहीर हे सगळं त्यांनीही पाहिलेलं. पुढे जे. जे. कला महाविद्यालय, १९६१पासून बनारसला विणकर सेवा केंद्रातली नोकरी, तिथे तंत्रमार्गाची ओढ, मग मुंबई. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांबरोबर रोजनिश्याही मांडल्या होत्या. मी त्या पानांपाशीच जास्त रेंगाळलो. मराठी अक्षरं, आणि त्यांच्या शेजारी नखाएवढी रेखाटनं. चित्र रंगवण्याआधी हा माणूस ते किती दिवस मनात नि कागदावर वागवत होता! आपल्या भाषेत कुणी आकाराचा, अवकाशाचा असा रोज विचार करत होतं, हे पाहून मला भरून आलं होतं.

त्यांच्या चित्रात एक पान असतं, एक घड्याळ, एखादं पाकीट. कुणी कुणाला चिकटत नाही. मधे सपाट, शांत रंग. तोही इनॅमल, आपण फाटकाला लावतो तसला. परवा फाटक रंगवताना डबा उघडला, तर वर साय धरलेली. काडीनं ती बाजूला केली. खालचा रंग हलला आणि आपला आपण पुन्हा सपाट झाला. ब्रशचा ओरखडाही त्यानं पोटात घेतला. मी तसाच उकिडवा बसून राहिलो.

बरवे, ६ डिसेंबर १९९५ला तुम्ही गेलात, साठीही गाठली नाहीत. ही मोडलेली वाडी तुम्ही पाहिली नाहीत. पण त्या मोकळ्या आभाळाकडे नजर न चुकवता बघायला मला तुमच्या पानांनीच बसवलं. दोन वस्तूंमधली जागा तुम्ही वस्तूंइतक्याच मायेनं रंगवलीत.

आता नवी रोपं लावलीत, नऊ-नऊ फुटांवर. अजून गुडघ्याएवढीच आहेत. काल पोफळीची एक जुनी वाळकी विरी आळ्याजवळ मिळाली, होडीसारखी वळलेली, आत पावसाचं ओंजळभर पाणी. उचलली नाही.

आई ओट्यावरून म्हणाली, “अरे, मधे केळी लाव, जागा फुकट जातेय.”

लावतो म्हटलं. पुढच्या आठवड्यात.