उन्हाने पक्का केलेला डाग

मैत्रिणींनो, हळदीचा डाग निघत नाही अशी तक्रार घेऊन कुणी आली, की मी तिला आमच्या गच्चीचा रस्ता दाखवते. साबण लावल्यावर हळद लाल होते, घाबरायचं नाही. स्वच्छ धुऊन कपडा नागपूरच्या एप्रिलमधल्या उन्हात टाकायचा. संध्याकाळी डाग शोधावा लागतो! पोटॅशियम परमँगनेटचे तपकिरी डाग लिंबाच्या रसाने जातात. कपडा मात्र लगेच खळबळून घ्यायचा. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला मोठी जाणकार समजत होते.

१९ एप्रिल २०२४ ला लोकसभेचं मतदान होतं. सासूबाई ब्याऐंशीच्या. मतदान म्हणजे त्यांचा सणच. पेटीतली करवतकाठी कोशाची साडी काढून नेसल्या, त्यांच्या आईने दिलेली. शाई लावून बाहेर आल्या, घाम पुसायला पदर घेतला, आणि बोट पदराला लागलं. घरी येऊन पाहिलं तर फिकट जांभळा ठिपका. "एवढंच ना," म्हणत मी सौम्य साबणाने धुतला नि साडी गच्चीवर टाकली. "सावलीत टाक गं," त्या म्हणाल्या होत्या. मी कुठली ऐकते!

चार वाजता पाहते, तो ठिपका काळाकुळकुळीत.

मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते, रसायनशास्त्राशी संबंध दहावीपुरता. विज्ञानाच्या बाईंनी समजावलं. १९६२ पासून निवडणुकीत वापरतात ती म्हैसूरची शाई. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, म्हणजे चांदीचा क्षार. प्रकाश लागला की त्यातली चांदी सुटी होऊन काळी पडते. ज्या उन्हाने हळद उडते, त्याच उन्हाने ही शाई पक्की बसते. ओली असतानाच, ऊन लागण्याआधी साध्या पाण्याने धुतली असती तर थोडीफार गेली असती. आता लिंबू लावा नाहीतर व्हिनेगर, सारखंच. आणि क्लोरीनचं ब्लीच कोशाला, रेशमाला कधीच लावू नका. डाग राहील, कापड पिवळं पडून विरेल.

सासूबाईंना सांगायला मला दोन दिवस लागले. साडी घडी करून तशीच पेटीत ठेवली होती.

"मी पाहिला कालच," त्या म्हणाल्या. "तू नीट जेवत नव्हतीस, म्हणून बोलले नाही."

२० नोव्हेंबरला विधानसभेच्या मतदानाला त्या तीच साडी नेसल्या. पदराची घडी अशी घातली, की डाग आत गेला. परतताना डावा हात अंगापासून लांब धरून चालत होत्या, आणि मी घाम पुसायचा रुमाल घेऊन शेजारून.