दोन चष्म्यांचा संसार

आमच्या भाषेनें ‘चाळिशी’ हा एकच शब्द वयासही दिला आणि चष्म्यासही. थट्टेपेक्षां त्यांत शास्त्र अधिक आहे. डोळ्यांतील भिंग वर्षानुवर्षें ताठर होत जातें आणि जवळचें पाहतांना त्यास जो फुगीरपणा धरावा लागतो तो धरतां येईनासा होतो. गाजरें खाऊन तें पुन्हां लवचिक होत नाहीं. हें ठाऊक असूनही वर्तमानपत्र लांब धरून वाचण्यांत आम्हीं दोन वर्षें काढलीं. अखेर हातच तोकडे पडूं लागले.

लांबचा चष्मा विद्यार्थिदशेपासून होताच. नेत्रवैद्यांनीं तीन वाटा सांगितल्या. दोन निराळे चष्मे बाळगावे. अथवा मध्यें रेघ असलेला दुहेरी चष्मा घ्यावा. या दुहेरी चष्म्याचें वर्णन बेंजामिन फ्रँकलिननें १७८५ सालच्या एका पत्रांत केलें आहे. जेवतांना ताटांतील पदार्थ आणि समोरच्याचा चेहरा दोन्ही त्यास स्पष्ट दिसत, आणि चेहरा दिसला म्हणजे फ्रेंच बोलणें अधिक समजे! तिसरी वाट १९५९ सालीं फ्रान्समध्येंच निघाली. तींत रेघ नसते, नंबर वरून खालीं हळूहळू बदलत जातो. आम्हीं तिसरीच धरली. सर्वांना कारण सोयीचें सांगितलें. खरें कारण इतकेंच कीं, रेघ नसली म्हणजे वय दिसत नाहीं.

आठव्या दिवशीं पुतण्याचें दहा महिन्यांचें बाळ कडेवर घेऊन आम्ही माडीवरून उतरत होतों. खालीं पाहिलें तें भिंगाच्या वाचावयाच्या भागांतून. पायरी धूसर झाली आणि पाऊल चुकलें. कठडा हातीं आला म्हणून बाळास खरचटलें देखील नाहीं. सूनबाई कांहीं बोलली नाहीं. तिनें मूल काढून घेतलें. त्यानंतर महिनाभर तें कोणीं आमच्या हातीं दिलें नाहीं. गुडघ्याच्या मुक्या मारापेक्षां हें अधिक लागलें.

वैद्य म्हणाले, “मान वाकवून वरच्या भागांतून पाहण्याची सवय पुष्कळांस दोन-तीन आठवड्यांत होते, तरी जिना उतरतांना लांबचा साधा चष्माच बरा.” आम्हीं सवयीची वाट पाहिली नाहीं. आतां घरांत दोन चष्मे आहेत, आणि जो हवा असतो तो नेहमीं दुसऱ्या मजल्यावर असतो. मातोश्री म्हणतात, चष्मा शोधावयास एक तिसरा करून घ्या.

परवां सूनबाईनें आधीं आमच्या नाकाकडे पाहिलें, चष्मा लांबचाच असल्याची खात्री करून घेतली, आणि मग बाळ पुढें केलें.