डिपर : एका खटक्याचा इतिहास

ट्रकच्या मागच्या फळीवर 'हॉर्न ओके प्लीज'च्या शेजारी आणखी एक विनंती रंगवलेली असते : 'यूज डिपर ॲट नाइट'. इंग्लंडात दिवा 'डिप' करतात आणि त्याच्या खटक्याला 'डिपस्विच' म्हणतात; 'डिपर' हा शब्द मात्र आपल्या रस्त्यांवर रुळला. आजचा धागा या डिपरचा, आणि तो नव्याने जोडणाऱ्या एका तरुणाचा.

तरुण कराडचा. आजोबांनी १९८४ साली घेतलेली बुलेट आता त्याच्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यानंतर चिपळूणहून परतताना कुंभार्ली घाटात समोरून ट्रक आला. त्याने अंगठ्याने डिपर दाबला आणि दिवा विझला. झिजलेला खटका दोन टोकांच्या मध्येच अडकला होता : वरचा झोत नाही, खालचाही नाही. वळण उजवीकडे होते एवढेच त्याला आठवत होते. ट्रकच्या उजेडात त्याने गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, थांबवली, आणि बराच वेळ तो उतरलाच नाही.

या खटक्याची पूर्वपीठिका पाहण्याजोगी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारसायकलला कार्बाइडचा दिवा असे. कार्बाइडवर पाणी ठिबकून ॲसिटिलीन वायू निघे आणि तो काडीने पेटवावा लागे. वेगात असताना अशा दिव्याचा झोत खाली वळवण्याची सोय नव्हती. विजेचे दिवे आले तेव्हा प्रकाश वाढला आणि त्याबरोबर समोरच्याचे डोळे दिपण्याचा प्रश्नही वाढला. १९२५च्या सुमारास जर्मनीत ओसरामने 'बिलक्स' नावाचा बल्ब आणला. त्यात तारा दोन : एक परावर्तकाच्या केंद्राशी, दुसरी त्यापासून थोडी पुढे. पुढच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी असल्याने तिचा प्रकाश फक्त खाली, रस्त्यावर पडतो. आता दिवा हलवायची गरज उरली नाही. वीज या तारेतून त्या तारेत वळवली की झाले. एक वायर आत, दोन बाहेर, मध्ये एक खटका. ॲम्बॅसडरमध्ये हा खटका डाव्या पायाशी असे. मोटारसायकलस्वाराचे दोन्ही पाय गियर आणि ब्रेकमध्ये गुंतलेले, म्हणून तो डाव्या अंगठ्याखाली आला.

यात एक गोष्ट सहज नजरेआड होते. वाहनावरची बहुतेक साधने चालवणाऱ्याच्या सोयीची असतात. डिपर मात्र समोरून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी आहे. तो वापरणाऱ्याला क्षणभर कमीच दिसते.

नव्या खटक्यासाठी तरुण पुण्याला नाना पेठेत गेला. दुकानदाराने पुढे केलेल्या खटक्याला डिपर होता, हॉर्न होता, पण दिवा बंद करण्याची सोय नव्हती. १ एप्रिल २०१७पासून देशात नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत जळत राहावा असा नियम झाला. दुचाकी दिवसाही इतरांच्या नजरेत यावी हा त्यामागचा हेतू. दिवा आपल्याला दिसण्यापुरता नसतो, हे डिपरने आधीच सांगितले होते. कायद्याने ते पुढे नेले, असे म्हणता येईल. पण जुन्या बुलेटची वीजनिर्मिती बेताची. शहराच्या गर्दीत दिवा लावून रेंगाळले की ॲमीटरचा काटा उणेकडे झुकतो आणि बॅटरी उतरते. त्याने जुन्या पद्धतीचा, 'बंद'ची खूण असलेला खटका शोधून घेतला. त्यात दुपार गेली.

रविवारी अंगणात काम सुरू झाले. आधी बॅटरीची अर्थची वायर सोडवली. मग पुढच्या दिव्याची काच-परावर्तकाची जोडी बाहेर काढली, आणि आतला गुंता पाहून तो थबकला. इंटरनेटवरून त्याने ल्यूकासची ब्रिटिश रंगसूची उतरून घेतली होती : दिव्याचा पुरवठा निळा, वरच्या झोताला निळ्यावर पांढरी रेघ, खालच्याला निळ्यावर तांबडी. आत मात्र घरगुती फिटिंगची पिवळी वायर होती, एक काळी दोनदा जोडलेली, आणि एका सांध्यावर दवाखान्यातली चिकटपट्टी. चाळीस वर्षांत ज्याला जी मिळाली त्याने ती वायर लावली होती.

आजोबा खुर्चीतून पाहत होते. "पिवळी तोडू नकोस. हॉर्नची आहे ती. पाटणला बंद पडली होती, तिथल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून घेतली."

"आणि ही चिकटपट्टी, आजोबा?"

"ती तुझ्या आजीची."

रंगांवर विसंबणे संपले. त्याने प्रत्येक वायरला कागदी चिठ्ठी बांधली, फोटो काढला, मगच जुना खटका सोडला. नव्या खटक्याच्या वायरींचे रंगही सूचीशी जुळत नव्हते. तेव्हा एक लहान बल्ब आणि सुटी बॅटरी घेऊन त्याने डिपरच्या तीन वायरी दोन-दोन करून तपासल्या. दांडी एकीकडे असता जी एकीशी पेटते आणि दुसरीकडे नेली असता उरलेलीशी पेटते, ती समाईक. तिला पुरवठा जोडायचा. सांधे त्याने डाग देऊन न करता दाबून बसवले. डागाजवळ वायर ताठर होते आणि एका सिलिंडरच्या धडधडीत तिथेच तुटते. हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून वायरीला पुरेशी ढील ठेवली. घाईत हेच राहून जाते, आणि पुढे आवरणाच्या आत तांब्याचे तंतू एकेक करून तुटत जातात.

दिवा लागला. डिपर खट्‌कन फिरला, भिंतीवरचा झोत उतरला. हॉर्न मात्र मुका. पाऊण तास गेला तेव्हा कारण सापडले : या गाडीत हॉर्नचे बटण हँडलच्या लोखंडातून अर्थ घेते, आणि हँडलला दोन वर्षांपूर्वी काळा रंग दिलेला होता. खटक्याच्या पट्टीखालचा बोटभर रंग पॉलिश पेपरने घासला, तेव्हा कोठे शेजारचे कुत्रे भुंकू लागले.

अंधार पडल्यावर आजोबा काठी टेकत आले आणि गाडीवर बसले. त्यांनी वरचा झोत लावला, खालचा लावला, पुन्हा वरचा. नवे बटण अंगठ्याला सापडायला त्यांना थोडा वेळ लागला.

"बंद होतो ना?" त्यांनी विचारले.

"होतो, आजोबा."

त्यांनी दांडी मागे ओढली. अंगण अंधारले, ॲमीटरचा काटा मध्यावर येऊन टेकला. काटा स्थिर झाल्याची खात्री करूनच ते खाली उतरले.