टिकेल ना?

आमच्या पिढीच्या घरांत नवी वस्तू आली, की किमतीच्याही आधी एक प्रश्न विचारला जायचा: ‘टिकेल ना?’ पंखा असो, मिक्सर असो, स्टोव्ह असो, पाहुण्यांसाठी आणलेली घडीची खाट असो. विचारायची आजी, आणि उत्तर द्यायचं ते आणणाऱ्याने. करमणुकीची यंत्रंही या प्रश्नातून कधी सुटली नाहीत. आज टीव्हीच्या पाठीमागे लावायच्या चिमुकल्या प्लेअरसाठी मुलं विचारतात, ‘बाबा, कुठला घेऊ?’ तेव्हा आम्हाला आजीचाच प्रश्न आठवतो.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यात दिसू लागलं. पेठांतल्या कौलांवर ॲल्युमिनियमच्या अँटेना उभ्या राहिल्या, सगळ्यांची तोंडं सिंहगडाकडे. तिथून ती चपटी दुपदरी वायर भिंतीवरून, खिडकीच्या फटीतून घरात यायची. एक पावसाळा गेला की तिचं टोक हिरवं पडायचं आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग दाढीच्या जुन्या ब्लेडने टोक खरवडायचं, तांब्याच्या तारा चमकेपर्यंत, आणि पुन्हा पिळून स्क्रूखाली दाबायचं. मुंग्या गेल्या की ‘गजरा’ दिसायचा, ‘आमची माती आमची माणसं’ दिसायचं, शनिवारचा मराठी चित्रपट दिसायचा. मध्येच ‘व्यत्यय’ अशी पाटी आली तरी कुणी जागचं उठत नसे. जागा जाईल ना!

सेट बिघडला की मेकॅनिककाका घरी यायचे. काका आले म्हणजे अर्धा वाडा गोळा. सतरंजीवर टीव्ही पालथा, मागचं झाकण उघडलेलं, आत आठवड्यांची धूळ. स्क्रू हरवू नयेत म्हणून आई स्टीलची वाटी पुढे करायची. डाग देताना राळेचा तो वास खोलीभर पसरायचा. ‘कंडेन्सर फुगलाय, पासोड्या विठोबाजवळ मिळेल,’ असं काका म्हणाले की घरातला धाकटा सायकल काढायचा. मुंबईकरांचा धाकटा लॅमिंग्टन रोडला जायचा. टिकणं म्हणजे न बिघडणं, असं आमच्या घरांत कुणीच मानत नव्हतं. बिघडलं तर दुरुस्त होतं, भाग इथे मिळतो आणि दुरुस्त करणारा ओळखीचा आहे, म्हणजे ती वस्तू टिकाऊ.

१९८२च्या एशियाडबरोबर रंग आले आणि पाठोपाठ व्हिडिओ. आखातात नोकरीला गेलेल्या कुणाच्या तरी घरी व्हीसीआर असायचा. बाकीच्यांनी तो रात्रीपुरता भाड्याने आणायचा. गणपतीत, कोजागिरीला, मुंजीच्या दुसऱ्या दिवशी. ई-१८० म्हणजे तीन तासांची कॅसेट, एक हिंदी चित्रपट बरोबर मावेल एवढी. चित्रावर पट्टे आले की ट्रॅकिंगचं बटण फिरवायचं, तरी जाईनात तर हेड साफ करायचं. स्पिरिट लावलेल्या फडक्याने, अगदी हलक्या हाताने, आडवं. उभं पुसलं तर हेड तुटतं, हे ज्याला ठाऊक त्यालाच हात लावू दिला जाई. परत करताना कॅसेट रिवाइंड करून द्यायची, हा तर धर्मच.

त्या कॅसेटच्या पाठीच्या कडेला एक छोटी प्लास्टिकची पट्टी असायची. ती मोडली की त्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नसे. ताईच्या लग्नाची कॅसेट घरी आली, की पहिलं काम ती पट्टी मोडायचं, नाहीतर दादा त्यावर क्रिकेटची मॅच घेणार! आणि एखाद्या मोडलेल्या कॅसेटवर पुन्हा घ्यायचंच झालं, तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावायची. जपण्याची सोय यंत्रातच होती आणि ती बदलण्याचा उपायही स्वयंपाकघराच्या खणात.

पुढे व्हीसीडी आल्या. एका तबकडीत साधारण सव्वा तास, म्हणून चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत. मध्यंतर चित्रपटगृहातलं नव्हे, तबकडी बदलायचं. चित्र अडकलं की तबकडी मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसायची, गोल गोल कधीच नाही. मग डीव्हीडी प्लेअरला यूएसबीची खाच आली, पेनड्राइव्ह लागले, आणि पहिल्यांदाच एक नवी तक्रार घरात शिरली: ‘फाइल चांगली आहे, पण प्लेअर ओळखत नाही.’ यंत्र धडधाकट, तबकडी स्वच्छ, तरी चित्र नाही. ब्लेड, स्पिरिट, फडकं, काहीच उपयोगाचं नाही.

आजच्या प्लेअरचं दुखणं तिथेच सुरू झालं. मार्च २०२५मध्ये टीव्हीला जोडायची दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट यंत्रं जगभर एकदमच चालेनाशी झाली. आत बसवलेल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती. कंपनीने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली आणि ती पुन्हा सुरू झाली. तारा शाबूत, भाग शाबूत, फक्त कागदाची मुदत संपलेली. अशा दुखण्यावर आमचे मेकॅनिककाका काय करणार? ती दुरुस्ती कंपनीकडूनच यावी लागते. म्हणून ‘टिकेल ना?’ हा प्रश्न आता जास्त चौकशीने विचारायला हवा.

पहिली चौकशी: दुरुस्ती कोण करणार? म्हणजे कंपनी या यंत्राला किती वर्षं अपडेट देते? २०१५ साली आलेल्या अ‍ॅपल टीव्हीला दहा वर्षांनंतरही नवी प्रणाली मिळाली. किंमत जास्त, पण आजीच्या हिशेबात वर्षांनी भागायची रीत होती. स्वस्तातल्या यंत्राबाबतही हेच विचारा.

दुसरी चौकशी: माल अस्सल आहे ना? नाव-गाव नसलेले, ‘सगळं फुकट दिसेल’ म्हणणारे अँड्रॉइड बॉक्स घेऊ नका. प्रमाणित नसलेल्या यंत्रावर नेटफ्लिक्ससारख्या सेवांचं चित्र एचडीत उमटतच नाही, कारण त्याला लागणारं कुलूप-किल्लीचं तंत्र त्यात नसतं. त्याहून वाईट म्हणजे अशा काही बॉक्समध्ये कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर घातलेलं सापडलं आहे. जून २०२५मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनेही त्याबद्दल जाहीर इशारा दिला. घराच्या वायफायवर अनोळखी माणूस बसवण्यासारखंच हे.

तिसरी चौकशी: वीज नीट पोचते का? टीव्ही आला तेव्हा स्टॅबिलायझर आधी आला होता, आठवतं? काटा २२०वर आल्याशिवाय सेट लावायचा नाही. आजही बरेच जण स्टिकची वायर टीव्हीच्याच यूएसबीत खोचतात. त्या खाचेतून अनेकदा अर्धा अँपिअरच मिळतो, स्टिकला साधारण एक लागतो. मग ती आपोआप बंद-चालू होते आणि दोष कंपनीला. सोबत आलेला अ‍ॅडॅप्टर वापरा. भिंतीशी दाबून स्टिक तापत असेल, तर एचडीएमआयची छोटी वायर जोडून तिला मोकळी हवा द्या.

चौथी चौकशी: सिग्नल पोचतो का? जुन्या घरांच्या जाड भिंतींमागे वायफाय दमतं. नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार फुल एचडीला सेकंदाला ५ मेगाबिट लागतात, फोर-केला १५. लॅनची वायर जोडता येणारा बॉक्स मिळाला, तर तो पसंत करा. अँटेनाची वायर भिंतीवरून नेणाऱ्यांना ही वायर न्यायला काय अवघड? आणि रॅम निदान २ जीबी घ्या. १ जीबीचं यंत्र दोन-तीन वर्षांत अडखळू लागतं, कारण अ‍ॅप दरवर्षी जड होत जातात.

पाचवी चौकशी आमच्या दृष्टीने सगळ्यांत मोठी: नेट गेलं, सेवा बंद झाली, तर घरचं काही दिसेल का? यूएसबीची खाच असलेला आणि व्हीएलसी किंवा कोडी हे ॲप चालणारा प्लेअर घेतला, तर दिसेल. पेनड्राइव्हवर किंवा घरच्या हार्डडिस्कवर असलेलं कुणाच्याही परवानगीशिवाय, कुठल्याही वर्गणीशिवाय दिसेल. वर्गणीच्या सेवेवरचा चित्रपट आज आहे, उद्या नाही. पण ताईचं लग्न, बाबांची साठी, आजीने नातवाला भरवलेला पहिला घास, हे कुठल्याच सेवेवर मिळणार नाही. ते फक्त आपल्या माळ्यावर आहे.

आणि माळ्यावर ते फार दिवस टिकणार नाही. आपल्या पावसाळी हवेत फितीला बुरशी धरते, पांढरी ठिपकेदार, कॅसेटच्या खिडकीतून पाहिली तर दिसते. तशी कॅसेट तशीच लावली, तर फीतही जाते आणि हेडही. चालू व्हीसीआर मिळणं अवघड होत चाललं आहे, कारण ते बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६च्या जुलैत उत्पादन थांबवलं आणि त्यानंतर कुणी बनवत नाही. कॅसेटचं डिजिटल करून देणारी काही माणसं शहरांत अजून आहेत, ती असेपर्यंतच हे काम होणार.

म्हणून प्लेअर कुठला घ्यायचा, ते वरच्या पाच चौकश्यांनी ठरवा. आठ-पंधरा दिवस उशीर झाला तरी काही बिघडत नाही. कॅसेटींचं मात्र लांबवू नका. येत्या रविवारी माळ्यावरून उतरवा, बुरशी बघा, पट्ट्या मोडलेल्या आधी काढा, आणि डिजिटल झाल्यावर दोन हार्डडिस्कवर ठेवा: एक आपल्याकडे, एक ताईकडे.