साडी नेसून दिल्लीत

अधूनमधून स्त्रीवेश करणाऱ्या पुरुषाच्या आयुष्यातले टप्पे बहुधा घरातच सुरू होतात. बंद दार, आरसा, बहिणीची ओढणी. पुढे स्वतःचे कपडे येतात. दिल्लीत सरोजिनी नगरच्या बाजारातल्या गर्दीत ते कुणाच्या नजरेत न भरता घेता येतात. पत्नीला सांगणे हा सर्वांत अवघड टप्पा. त्यात धाडसापेक्षा विश्वास जास्त लागतो.

त्यानंतर रस्ता. मेट्रो स्थानकात शिरतानाच तपासणीची रांग स्त्रियांची वेगळी, पुरुषांची वेगळी. २०१० पासून गाडीचा पहिला डबाही स्त्रियांसाठी राखीव. साडीतला पुरुष कुठल्याही रांगेत उभा राहिला तरी माना वळतात, आणि ही रोजची झीज कुणाच्या हिशेबात नसते. अशांपैकी काहींना उजेडात वावरायचे पहिले धैर्य समलैंगिक आणि तृतीयपंथीयांच्या प्राइड मोर्चाने दिले. दिल्लीत तो २००८ मध्ये प्रथम निघाला. पण स्त्रीवेश म्हणजे समलैंगिकता नव्हे, लिंगबदलाची इच्छाही नव्हे. स्त्रीवेश करणाऱ्यांत संसारी पुरुषही असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा निकालात पेहरावातून आपली लिंगओळख व्यक्त करणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. तो निकाल तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी होता, पण त्यातल्या या विचाराचा आधार स्त्रीवेश करणाऱ्या पुरुषालाही वाटतो.