बाळाचा ट्रे वेगळा

मेथर्जिन आणि व्हिटॅमिन के. दोन्हींच्या अँप्यूल तपकिरी काचेच्या, इवल्याशा. उजेडानं दोन्ही औषधं बिघडतात, म्हणून काच तपकिरी. पहिलं आईसाठी, गर्भपिशवी आवळून रक्तस्राव थांबवणारं. दुसरं जन्मलेल्या बाळाच्या मांडीत द्यायचं, एक मिलिग्रॅम, बाळाला रक्तस्राव होऊ नये म्हणून. चुकून मेथर्जिन बाळाला गेलं तर त्याचा श्वास मंदावतो, झटके येतात. हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरीही 2014च्या पावसाळ्यात, अहमदपूरच्या एका खाजगी प्रसूतिगृहात, रात्री अडीच वाजता मी मेथर्जिनची सिरिंज हातात घेऊन बाळाच्या मांडीवर स्पिरिटचा बोळा फिरवत होते.

लाईट गेली होती. इन्व्हर्टरवर एकच ट्यूब जळत होती. एक बाई नुकतीच मोकळी झाली होती, शेजारच्या टेबलावर दुसरीला जोराच्या कळा सुरू होत्या. ऐनवेळी धावपळ नको म्हणून मी दोन्ही इंजेक्शनं आधीच भरून एकाच किडनी ट्रेमध्ये ठेवली होती. त्या वेळी मला ती माझी हुशारी वाटली होती. बाळाला टॉवेलात धरून उभी असलेली मावशी म्हणाली, "सिस्टर, लेकराची सुई बारकी असती नव्हं?"

मी सुईकडे पाहिलं. बाविसची, जाड. बाळाची सव्विसची सुई ट्रेमध्येच पडून होती. हात तिथंच थांबला. मावशीला औषधाचं नाव वाचता येत नव्हतं, पण वर्षानुवर्षं बाळं धरून तिला सुईची जाडी ओळखता येत होती.

सकाळी मी स्वतःहून सांगितलं. जे व्हायचं तेच झालं. "लक्ष कुठं होतं तुझं?" असं विचारलं गेलं आणि भिंतीवर कागद लागला: औषध लक्षपूर्वक द्यावे. त्या भिंतीवर असे दोन कागद आधीपासूनच होते. पुढचे पंधरा दिवस मी प्रत्येक अँप्यूल चार-चारदा वाचली. मग हात पुन्हा सवयीनं चालू लागले. भीती पंधरा दिवसांपलीकडे पुरत नाही, हे मी स्वतःवरच पाहिलं. आणि त्या रात्री लक्ष नव्हतं असंही नाही. दोन बायका आणि एक बाळ, एवढ्या ठिकाणी लक्ष होतं.

पुढे लातूरला एका प्रशिक्षणाला गेले. केंद्र सरकारच्या 2013च्या मार्गदर्शिकेत प्रसूतिगृहासाठी सात ट्रे सांगितले आहेत. प्रत्येकाची यादी ठरलेली. बाळाच्या ट्रेची यादी वाचताना मी थबकले: टॉवेल, म्युकस एक्स्ट्रॅक्टर, बॅग-मास्क, नाळेचा चिमटा आणि शेवटी व्हिटॅमिन के, सुई, सिरिंज. व्हिटॅमिन के बाळाच्याच ट्रेमध्ये! इतकी वर्षं मी ही यादी म्हणजे तपासणीला आलेल्या साहेबांना दाखवायचा कागद समजत होते. माझ्यासारखे हात कुठं चुकतात ते कुणीतरी आधीच ओळखून ठेवलं होतं.

परत आल्यावर डॉक्टर मॅडमना म्हटलं, कागद काढू या, ट्रे हलवू या. त्यांनी ऐकून घेतलं. बाजारातून निळा प्लॅस्टिकचा ट्रे आणला आणि वॉर्मरखाली ठेवला. व्हिटॅमिन के तिथंच फोडायचं, बाळ वॉर्मरवर आल्यावरच भरायचं आणि रिकामी अँप्यूल सिरिंजला चिकटवून दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवायची. खर्च काय तो त्या ट्रेचा.

मग इतर गोष्टीही दिसू लागल्या. "तुम्ही सविता ना?" असं विचारलं की आमच्याकडची बाई "हो" म्हणते. दवाखान्यात ती कशालाही "हो"च म्हणते. म्हणून नाव तिच्याच तोंडून वदवायचं ठरवलं, तर नवी अडचण आली. पूर्ण नावात मालकाचं नाव येतं आणि जुन्या वळणाच्या बायका ते घेत नाहीत. शेवटी आम्ही विचारू लागलो, माहेर कुठलं? किनगाव, हाडोळती, शिरूर ताजबंद. माहेराचं नाव बाई हसून सांगते आणि दोन सविता वेगळ्या होतात. केसपेपरवर माहेराचा रकाना आम्ही हातानं आखून घेतला.

एका रात्री मॅडमनी फोनवर इन्सुलिन सांगितलं, सात युनिट. सिस्टरला ऐकू आलं साठ. चाळीस युनिटच्या सिरिंजमध्ये साठ मावेना, तेव्हा तिला शंका आली आणि तिनं परत फोन लावला. तेव्हापासून आम्ही आकडे सुटे बोलतो, "सहा, शून्य", आणि ऐकणारी ते परत म्हणून दाखवते.

यादीनं किती फरक पडतो, हे मी पुढे वाचलं. कर्नाटकातल्या एका प्रसूती केंद्रात जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित प्रसूतीची तपासयादी वापरून पाहिली होती. तो अभ्यास 2012मध्ये छापून आला. दर बाळंतपणात करायलाच हव्यात अशा 29 गोष्टींपैकी आधी सरासरी 10 होत होत्या, यादी आल्यावर 25 झाल्या. हे वाचून मला रडू आलं होतं. तिथल्या सिस्टरही माझ्यासारख्याच असणार, सगळं ठाऊक असलेल्या.

आमच्याकडे आता एक वही आहे, तिचं नाव "थोडक्यात टळलं". कुणी चुकलं ते लिहायचं नाही. काय झालं, कुठं झालं, काय हलवलं, एवढंच लिहायचं. पहिली नोंद माझी, मेथर्जिनची. इन्सुलिनची नोंद मॅडमनी स्वतःच्या अक्षरात लिहिली. त्या दिवसापासून बाकीच्या सिस्टरही लिहू लागल्या.

ही वही आम्ही 17 सप्टेंबरला मोठ्यानं वाचतो. मराठवाड्यासाठी तो 1948पासूनचा मुक्तीचा दिवस. 2019पासून तोच जगभर रुग्णसुरक्षा दिन म्हणूनही पाळला जातो. सकाळी झेंडावंदन होतं, मग लेबर रूमच्या बाहेर चहा आणि वही.

गेल्या वर्षी मावशी म्हणाली, माझं बी लिवा. मी तिच्याच शब्दांत लिहून घेतलं: "मोरीपाशी फरशी घसरती. काल बाळंतीण पडली न्हाई, पण पडली असती." दुपारी मिस्त्री आला. संध्याकाळपर्यंत तिथली गुळगुळीत फरशी निघाली होती आणि खरबरीत कोबा ओला होता. त्यावर कुणी पाय देऊ नये म्हणून मावशी स्टूल टाकून राखणीला बसली होती.