प्रगती अहवालात काय असावे?

चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळात परवा एका निवृत्त अभियंत्यांनी मला विचारले, "तुमच्या अहवालात काम सदैव 'प्रगतिपथावर' असते, ते मुक्कामी पोहोचते कधी?" सारे हसले. मी ओशाळलो. उमेदवारीच्या काळात भूसंपादन अडल्याचे ठाऊक असूनही मी अहवालात '८० टक्के निधी खर्च' एवढेच लिहिले होते. वरिष्ठांचे समाधान झाले. शेतकऱ्यांचा मोबदला मात्र आणखी दोन वर्षे रखडला.

विदर्भातील गोसीखुर्द प्रकल्पाचे उदाहरण घ्या. १९८३ साली मंजुरी मिळाली तेव्हा अंदाजित खर्च सुमारे ३७२ कोटी रुपये होता. १९८८ मध्ये भूमिपूजन झाले, २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला आणि पुढे खर्चाचा अंदाज १८ हजार कोटींवर गेला. अशा वेळी केवळ सुधारित अंदाजाशी तुलना केली, तर विलंब कागदावरून नाहीसा होतो. म्हणून मूळ खर्च आणि मूळ मुदत प्रत्येक अहवालात असावी.

दुसरे, झालेला खर्च व झालेले काम वेगवेगळे दाखवावे. धरण बांधून झाले, पण कालवे अपुरे असतील, तर शेताला पाणी मिळत नाही.

तिसरे आणि सर्वांत अवघड : काय अडले आहे, कोणाकडे, केव्हापासून, आणि निर्णय कोणत्या तारखेपर्यंत हवा. हे लिहिताना हात कचरतो, कारण कधीकधी ते नाव आपलेच असते. तरीही लिहावे. माझ्या त्या अहवालात नेमकी हीच ओळ नव्हती.